बारा आठवड्यांचं इंग्रजी

४ जानेवारी

प्रिय वन्सं,

पोचले. गाडीत शेजारच्या बाईने तीन तास मला तिच्या सुनेचे प्रताप ऐकवले. मला उलट एक शब्द बोलता येत नव्हता, त्यामुळे उतरताना ती म्हणाली, तुमच्यासारखी समजूतदार बाई आजवर भेटली नाही. तुझ्या दादाला हे जरूर सांग.

बहिणीने मला मागची खोली दिली आहे. घशाच्या डॉक्टरांनी सहा आठवडे तोंडातून आवाज काढायचा नाही असं बजावलंय, कुजबूजसुद्धा नाही. गळ्यात पाटी अडकवून घरभर फिरते. मी पाटीवर काही विचारलं की बहीण ओरडून उत्तर देते. मी मुकी झाले आहे की बहिरी, हे तिचं अजून ठरत नाही. घरात फोन आहे, पण फोनवर पाटी कशी दाखवू? म्हणून आपली पत्रं.

आता कामाचं. माझ्या जागी तू वर्ग घेणार, म्हणून सोबत तिसरीच्या इंग्रजीचं सत्राचं नियोजन आहे, बारा आठवड्यांचं. पहिल्या आठवड्यात अभिवादन आणि वर्गातल्या वस्तू, दुसऱ्यात घरातली माणसं, तिसऱ्यात शरीराचे अवयव, चौथ्यात वस्तू कुठे आहे ते सांगणं, म्हणजे दप्तर बाकाखाली, बाटली बाकावर. पुढचं सगळं सविस्तर लिहिलंय. सोमवार ते बुधवार तोंडी काम: बाई म्हणणार, मुलं मागून म्हणणार. गुरुवारी फळ्यावरचं वहीत उतरवणं. शुक्रवारी चित्र काढून त्याखाली नावं लिहिणं. मुलं एकेचाळीस आहेत. पहिलीपासून इंग्रजीला ती माझ्याकडेच, त्यामुळे माझी पद्धत त्यांच्या अंगवळणी पडली आहे. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं टाचण वहीत काढायचं आणि शनिवारी वही मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवायची. त्या मुख्याध्यापिका झाल्यापासून एकही पान न वाचता सोडत नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं होतं, ते तुला घरी सांगितलं नाही. सत्र संपेपर्यंत आवाज आला नाही, तर पुढच्या वर्षी मला वर्ग नाही. पुस्तकांची खोली सांभाळायची. निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत, वन्सं, आणि मला माझा वर्ग परत हवा आहे. म्हणून हात जोडून सांगते, नियोजन जसंच्या तसं चालव. मी आले की जिथे धागा सुटला तिथूनच धरता यायला हवा.

सासूबाईंच्या आजारपणात तुझी अध्यापनाची पदविका बारा वर्षं कपाटात पडून राहिली. आता त्या नाहीत, निदान या निमित्ताने तिला हवा लागेल.

तुझी,
वहिनी


१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

पाय सुजलेत. शिकवणं हे पायांचं काम असतं हे मला पदविका देताना कुणी सांगितलं नाही. घरी येते, बादलीत पाय सोडून बसते आणि तशीच टाचण काढते. दादाने पहिल्याच दिवशी पातेलं जाळलं आणि वर म्हणतो, ते आधीपासूनच काळं होतं.

पण मला एक विचारायचंय. सोमवारी वर्गात गेले, ‘गुड मॉर्निंग, चिल्ड्रन’ म्हटलं. एकेचाळीस मुलं उभी राहिली, सगळ्यांनी मिळून घसा खाकरला, आणि मग इतक्या बारीक, घोगऱ्या आवाजात ‘गुड मॉर्निंग, टीचर’ म्हणाली, की मला वाटलं माझी फिरकी घेताहेत. नवी बाई दिसली की मुलं तिचं पाणी जोखणारच. मी दुर्लक्ष केलं. मंगळवारी पुन्हा तेच. प्रत्येक वाक्याआधी खाकरायचं आणि मग पुटपुटायचं. बुधवारी माझं डोकं फिरलं. सगळ्या वर्गाला दहा मिनिटं उभं केलं. कुणी हसलं नाही की कुणी कुरकुरलं नाही, नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मलाच कसंसं झालं.

हीच मुलं गणिताच्या तासाला पाढे म्हणतात तेव्हा शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतात. मग इंग्रजीलाच काय होतं? पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीला मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारलं, तर ती म्हणाली, ‘बाई, इंग्रजी असंच बोलतात ना?’

खरं सांग, तू यांना इतका धाक घातला आहेस का? आणि गुरुवार-शुक्रवार मुलांनी तोंडातून एक अक्षर काढायचं नाही, हा काय प्रकार आहे? भाषा शिकवतोय की चित्रकला?

घसा कसा आहे?

तुझी,
वन्सं (तूच म्हणतेस, म्हणून)


१९ जानेवारी

प्रिय वन्सं,

धाक? पंचवीस वर्षांत मी एका मुलाच्या कानाला हात लावलेला नाही. हे तू मला विचारावंस?

गुरुवार-शुक्रवार लिखाण असतं, कारण त्याने अक्षर सुधारतं. मागच्या वर्षी मोठ्या बाईंनी माझ्या वर्गाच्या वह्या शाळाभर फिरवल्या होत्या. आणि वर्ग शांत असला म्हणजे धाकातच असतो असं नाही, शिस्त म्हणूनही काही असतं. तुला वर्गात जाऊन जुम्मा जुम्मा आठ दिवस झाले. जरा दम धर. मुलांना उभं केलंस ते मात्र बरं केलं नाहीस. ती चेष्टा करणाऱ्यातली नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात अवयवांचं चित्र लागेल. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात गुंडाळून ठेवलंय. एका कानाचा कागद फाटलाय, तो मागून चिकटव.

घसा ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित चाललंय. तू नियोजनाबाहेर जाऊ नकोस म्हणजे झालं.

रागाने लिहिलं गेलं. दिवसभर बोलायचं नाही म्हटल्यावर सगळं पेनातूनच बाहेर पडतं. पाय गरम पाण्यात मीठ घालून शेकत जा.

वहिनी


२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे.

मोठ्या बाईंना तुझी मागच्या वर्षांची नियोजनं हवी होती. ती काढायला कपाट उघडलं. पाच वर्षांच्या वह्या तू ओळीने लावून ठेवल्या आहेस. टेबलावर ठेवण्याआधी सहज चाळल्या, म्हटलं चार गोष्टी शिकायला मिळतील.

पाच वर्षांपूर्वीच्या वहीत आठवड्याचे पाचही दिवस तोंडी काम आहे. गाणी आहेत, संवाद आहेत, अर्ध्या वर्गाने अर्ध्या वर्गाला प्रश्न विचारायचे खेळ आहेत. त्याच्या पुढच्या वर्षी गाणी गेली. तीन वर्षांपूर्वीपासून शुक्रवारी चित्रं आली. गेल्या वर्षी गुरुवारी लिखाण आलं. आणि यंदाच्या नियोजनात बुधवारच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंयस: ‘जमल्यास तोंडी, नाहीतर पाठ्यपुस्तक मनात वाचणे.’ काय जमल्यास, वहिनी? मधल्या सुट्टीत पाचही वह्या मांडीवर घेऊन बसले होते, घंटा झालेली कळली नाही.

तुझा आवाज डिसेंबरात एकाएकी बसला नाही. तो तीन-चार वर्षं बसत होता. सोमवारी जेवढा असायचा तेवढा तू बुधवारपर्यंत पुरवायचीस आणि उरलेले दोन दिवस मुलांना वहीत घालायचीस. मी त्याच घरात होते. तू खाकरायचीस, मी म्हणायचे, वहिनीला खाकरायची खोडच आहे. स्वयंपाक करताना तू हळू बोलायचीस, मला वाटायचं आईची झोप मोडू नये म्हणून.

आणि ही मुलं. त्यांनी इंग्रजी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलंच नाही. तू जशी म्हणालीस तशी ती म्हणाली. आधी खाकरायचं, मग घोगऱ्या आवाजात बोलायचं, हा त्या भाषेचाच नियम आहे असं त्यांना वाटतंय. ती अगदी मन लावून शिकली आहेत ते. आणि मी त्यांना त्याबद्दल दहा मिनिटं उभं केलं. वह्या वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गाची माफी मागितली. का मागितली ते त्यांना कळलं नाही, पण ‘इट्स ओके, टीचर’ म्हणाली, तशीच.

वह्या मोठ्या बाईंकडे अजून दिलेल्या नाहीत. सापडत नाहीत म्हणून सांगितलंय. आता तू मला खरं लिही. डॉक्टर काय म्हणाले?

तुझी,
वन्सं


९ फेब्रुवारी

वन्सं,

तुझं पत्र वाचून पाटी बाजूला ठेवली आणि दिवसभर काही लिहिलं नाही. बहिणीला वाटलं, माझा तिच्यावर राग आहे. ती आणखी मोठ्याने बोलायला लागली.

डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. स्वरतंतूंवर गाठी आहेत, जुन्या. काढाव्या लागतील. काढल्यावर आवाज येईल, पण किती येईल ते काढल्यावरच कळेल. चोवीस तारखेला शस्त्रक्रिया आहे. तुझ्या दादाला माहीत नाही. तो रविवारी येतो, मी पाटीवर ‘ठीक’ लिहिते, तो खूश होऊन जातो.

आधी का सांगितलं नाही म्हणशील. आधी वाटलं, सर्दी आहे. मग सासूबाईंचं दुखणं विकोपाला गेलं. तू रात्रंदिवस त्यांच्या उशाशी, आणि मी माझ्या घशाचं रडगाणं कुठे काढू? मग भीती वाटायला लागली. शाळेत आवाज हेच आमचं भांडवल. सुताराचा हात गेला तर त्याला कोण बोलावतं? तेव्हा मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. गरम पाणी पीत राहिले, आणि नियोजन करत राहिले. मोठ्या बाई म्हणायच्या, तुमच्यासारखं नियोजन कुणाचं नाही. त्यांना काय माहीत मी काय मोजत होते ते.

पण मुलांचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. वन्सं, देवाशप्पथ नव्हतं. मला वाटायचं, मुलं गुणी आहेत, म्हणून हळू बोलतात. पंचवीस वर्षं शिकवून माझ्या दुखण्याची लागण त्यांना केली, आणि वर शिस्त शिस्त म्हणून मिरवलं. हे वाचून मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही.

सहाव्या आठवड्यापासूनची पानं काढून टाक. तू नवीन कर. त्यांना मोठ्याने बोलायला लाव. कसं ते मला विचारू नकोस, मला आता आठवत नाही. वह्या मोठ्या बाईंना देऊन टाक. लपवाछपवी पुष्कळ झाली.

मला वर्ग परत हवाच आहे. पण आधी ही मुलं नीट कर.

वहिनी


२२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दादाला मी सांगितलं. रागाव माझ्यावर. तो ऐकून उठला आणि ते जळलेलं पातेलं घेऊन अर्धा तास घासत बसला. उद्या तो तिकडे निघतोय आणि चोवीसला तुझ्याजवळ असेल. त्याच्यासमोर ‘ठीक’ लिहू नकोस.

आता वर्गाचं. मुलांना वर्गात ‘लाउडली, लाउडली’ म्हणून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. एक मुलगा तर गंभीरपणे म्हणाला, ‘बाई, मोठ्याने म्हटलं तर ते मराठी होतं.’ मग मी नियोजनात सरळ लिहिलं: आठवडा सहावा, मैदान. अर्धा वर्ग पाण्याच्या टाकीपाशी, अर्धा फाटकापाशी. टाकीवाल्यांनी विचारायचं, ‘व्हॉट इज युवर नेम?’ फाटकावाल्यांनी ऐकू आलं तरच उत्तर द्यायचं. पहिला दिवस वाया गेला. टाकीपाशी ओठ हलताहेत आणि फाटकापाशी सगळे कानामागे हात धरून उभे. दुसऱ्या दिवशी दोन वेण्यांची मुलगी वैतागली. तिच्या मैत्रिणीला काही केल्या ऐकू जाईना, तेव्हा तिने बेंबीच्या देठापासून विचारलं. न खाकरता. सगळं मैदान तिच्याकडे बघायला लागलं. ती घाबरून माझ्याकडे वळली, मी म्हटलं, ‘व्हेरी गुड.’ मग काय, बांध फुटला. मोठ्या बाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आलं गंडांतर. त्यांनी फक्त विचारलं, हे टाचणात आहे का? मी म्हटलं, आहे. मग आत गेल्या.

रोज गळून जाते. माझाही घसा दुखतो, आणि दुखला की भीती वाटते.

आता दुसरं, जे लिहायला मन धजत नाही. तुझ्या वह्या वाचून मोठ्या बाईंनी मला बोलावलं. पाच वर्षांच्या वह्या एकत्र पाहिल्यावर हे दुखणं जुनं आहे हे त्यांनाही दिसलं, आणि आवाज आला तरी तुला पुन्हा वर्ग देणं कठीण आहे असं त्यांचं मत पडलंय. पुढच्या वर्षी ही जागा भरायची आहे, तुम्ही अर्ज करा, म्हणाल्या. वीस मार्चपर्यंत.

मी हो म्हटलं नाही. पण वहिनी, खोटं का लिहू, मी नाहीसुद्धा म्हटलं नाही. घरी येईपर्यंत मला स्वतःचा राग येत होता आणि त्याच वेळी पुढच्या वर्षी पहिलीला काय शिकवायचं ते मनात मांडत होते.

तुझी,
वन्सं


१४ मार्च

प्रिय वहिनी,

तीन आठवडे झाले. दादा म्हणतो, शस्त्रक्रिया नीट झाली, डॉक्टरांनी सोमवारपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगितलंय. पण लिहायला तर बंदी नाही. तू पाटीवर बहिणीशी बोलतेस, दादाशी बोलतेस. मलाच काही नाही.

मी अर्ज केलेला नाही. तू नको म्हणालीस तर करणार नाही. तू काहीच म्हणाली नाहीस तर काय करायचं ते मला समजत नाही.

मुलं दहाव्या आठवड्यात आहेत. दुकानदार आणि गिऱ्हाईक असा खेळ चालू आहे. फार गोंगाट होतो.

वन्सं


१८ मार्च

प्रिय वन्सं,

तुझ्या दोन्ही पत्रांचं उत्तर एकदम देते. आधी लिहिलं असतं तर वाईट लिहिलं गेलं असतं. तीन आठवडे मी तुझ्यावर मनातल्या मनात चिक्कार तोंडसुख घेतलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, इथपासून सगळं. आता ते संपलंय.

सोमवारी डॉक्टरांनी बोलायला लावलं. म्हणाले, काहीही म्हणा. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, दुसरं काही सुचेना. आवाज आला. स्वच्छ आहे, घोगरा नाही. पण लहान आहे. डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि म्हणाले, पुन्हा म्हणा. पुन्हा म्हटलं. त्यांनी कानाला हात लावला. एवढाच राहील, म्हणाले. जोर लावलात तर हाही जाईल.

घरी येऊन मी मोजलं. खिडकीपाशी मी, समोर बहिणीला उभं केलं आणि एकेक पाऊल मागे जायला सांगितलं. वर्गाच्या हिशेबाने दुसऱ्या बाकापर्यंत पोचतो. पुढे आणखी पाच बाकं आहेत.

मग मागच्या खोलीत जाऊन रडले. रडण्यालाही आवाज लागतो हे मला माहीत नव्हतं. बहीण शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती, तिला पत्ताही लागला नाही.

अर्ज कर. हे मी मोठ्या मनाने लिहीत नाही, तेवढं मोठं मन माझ्याजवळ नाही. जागा कुणीतरी घेणारच आहे, आणि ती मुलं आता मैदानभर ओरडू शकतात हे मी तुझ्याच पत्रात वाचलं. माझ्याखातर तू अर्ज करायचा टाळलास तर मी तुला जन्मभर माफ करणार नाही. मग घरात दोन बायका एकमेकींसाठी त्याग करून बसलेल्या, आणि तुझा दादा मधे पातेलं घासतोय. तसलं काही मला नको.

पुस्तकांच्या खोलीत मी जाईन. नऊ वर्षं शिक्के मारीन. ते मला आवडेल असं तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. आवडणार नाही.

सोबत पुढच्या वर्षीच्या पहिल्या सत्राचं नियोजन पाठवते आहे, पहिलीच्या इंग्रजीचं. पाचही दिवस तोंडी. गाणी परत घातली आहेत. करताना प्रत्येक वाक्य मनात तुझ्या आवाजात म्हणून पाहिलं. तुझा आवाज जरा चिरका आहे, पण शेवटच्या बाकापर्यंत जाईल. नको वाटलं तर बदल.

वहिनी


२८ मार्च

प्रिय वहिनी,

सत्र आज संपलं. बाराही आठवडे झाले, आठव्यातली फक्त ऋतूंची उजळणी राहिली.

तुझं पत्र वीस तारखेला सकाळी मिळालं. हातात घेऊनच शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंकडे जाऊन अर्जाचा कागद मागितला. मला ही नोकरी हवी आहे. तू सांगितलंस म्हणून नाही, मला हवी आहे. बारा वर्षं आईच्या खोलीत मी कुणाशी मोठ्याने बोलले नव्हते, हे मला मैदानात उभं राहिल्यावर कळलं. हे तुला बोचेल. पण आता आपण एकमेकींना ‘ठीक’ लिहायचं नाही ना?

तुझं नियोजन मी दोनदा वाचलं. तिसऱ्या आठवड्यातलं गाणं मला येत नाही. ते तू शिकवायचं. स्वयंपाकघरात मी ओट्यापाशी असते, तू खुर्चीवर बस, तिथून मला सगळं ऐकू येईल. दादा गुरुवारी घ्यायला येतोय. आता आणखी राहू नकोस. तू तिकडे का रेंगाळते आहेस ते मला माहीत आहे, आणि पुस्तकांच्या खोलीची किल्ली तर मोठ्या बाईंनी माझ्याकडेच दिली आहे. ती मी तुझ्या हातात कशी देणार याचा चार दिवस विचार करतेय. मला अजून जमलेलं नाही.

अर्ज तिथेच उभ्याने भरला. नाव, पत्ता, शिक्षण. अनुभव, अकरा आठवडे. सगळं भरभर लिहिलं. त्याखाली एक रकाना होता: ‘कोणाच्या जागी’. तिथे पेन थांबलं. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘लिहा ना, त्यात काय एवढं?’

लिहिलं. वहिनी, तुझं पूर्ण नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. घरात ते कधी लागलंच नाही, आणि पाकिटावर मी तुझ्या बहिणीचंच नाव घालते. लिहून झाल्यावर त्याच्याकडे बघत उभी राहिले. मोठ्या बाईंनी विचारलं, काही चुकलं का?

मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

तुझी,
वन्सं